बोडलियन ग्रंथालयांतील भूगोलसंग्रह कसा घडला

(१) विषयप्रवेश

विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयांत भूगोल व पर्यावरण या विषयांचा संग्रह कसा करावा, असें विचारलें असतां सामान्यतः असें उत्तर मिळतें कीं, अध्यापकांनीं याद्या कराव्या व ग्रंथपालानें त्या पाहून ग्रंथ मागवावे. चालू छापील ग्रंथांपुरतें हें उत्तर योग्यच आहे. परंतु पांचसहाशें वर्षांपूर्वींचा पाऊस, पीक, वाटा व किनारे यांची हकीकत ज्या संग्रहांतून निघते, ते संग्रह या रीतीनें झालेले नाहींत. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विश्वविद्यालयाचें बोडलियन ग्रंथालय हें याचें उत्तम उदाहरण होय. त्या विश्वविद्यालयांत हॅल्फर्ड मॅकिंडर यांची भूगोलाचे प्रपाठक म्हणून नेमणूक १८८७ सालीं झाली व भूगोलाची स्वतंत्र शाला १८९९ त निघाली. या विषयाचीं तेथील कित्येक अमोल साधनें मात्र त्यापूर्वीं दोनअडीचशें वर्षें ग्रंथालयांत येऊन राहिलीं होतीं. तीं कोणत्या नांवाखालीं आलीं व कां टिकलीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

(२) स्थापना व पहिली निवड

ऑक्सफर्डचा जुना ग्रंथसंग्रह सोळाव्या शतकाच्या मध्यास धर्मक्रांतीच्या धामधुमींत उधळला गेला. १५५६ त रिकामीं लांकडी बांकें व फडताळेंहि विकून टाकण्यांत आलीं. सर थॉमस बोडली या निवृत्त राजदूतानें तो पुनः उभारण्याचें काम अंगावर घेतलें व नोव्हेंबर १६०२ त ग्रंथालय उघडलें. १६१० त त्यानें लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशीं करार करून, संघाकडे नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या ग्रंथाची एक प्रत फुकट मिळण्याची व्यवस्था केली.

परंतु या दूरदर्शी पुरुषाचें एक मत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पंचांगें, नाटकें व तशींच हलकीं पुस्तकें ग्रंथालयांत घेऊं नयेत, असें त्यानें आपल्या ग्रंथपालास बजावलें होतें. आज जुन्या हवामानाचा शोध करणारे अभ्यासक जुनीं पंचांगें व त्यांच्या समासांत मालकांनीं केलेलीं टिपणें मुद्दाम शोधीत असतात. नाटकांविषयीं तर ग्रंथालयास प्रत्यक्ष दंड भरावा लागला. शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ ची पहिली आवृत्ति करारान्वयें आली होती. १६६४ च्या सुमारास तिसरी आवृत्ति येतांच पहिली निरुपयोगी म्हणून विकली गेली. तीच प्रत १९०६ त वर्गणी जमवून ३,००० पौंडांस परत घ्यावी लागली. कोणता कागद उपयोगी, हें ठरविण्याचा अधिकार एका पिढीकडे नसतो, हा या हकीकतीचा अर्थ.

(३) हवेचीं टिपणें

आतां प्रत्यक्ष भूगोल-पर्यावरणाच्या साधनांकडे वळूं. सर केनेल्म डिग्बी यांनीं १६३४ त दोनशेंहून अधिक हस्तलिखितें ग्रंथालयास दिलीं. तीं बहुतांशीं थॉमस ॲलन या गणितज्ञाच्या संग्रहांतलीं. ॲलन १६३२ त वारले, तेव्हां तीं डिग्बींकडे आलीं. त्यांतील एका ज्योतिषविषयक बाडांत विल्यम मर्ल नांवाच्या धर्मोपदेशकानें लॅटिन भाषेंत केलेली हवेची टिपणें आहेत. १३३७ च्या जानेवारीपासून १३४४ च्या जानेवारीपर्यंत सात वर्षें ऑक्सफर्डच्या बाजूस पाऊस, वारा, थंडी, बर्फ कसकसें झालें, हें त्यांत महिनेवार नोंदलें आहे. युरोपांत आजवर सांपडलेल्या अशा पद्धतशीर टिपणांपैकीं हें अत्यंत प्राचीन होय.

ॲलननें हें बाड ज्योतिष म्हणून जपलें व डिग्बीनें तें ज्योतिष म्हणूनच दिलें. ग्रहस्थितीवरून पावसाचें भाकीत करूं पाहणाऱ्या त्या काळच्या पंडितांना या टिपणाचा जो उपयोग वाटला असेल, तो आज उरलेला नाहीं. १८९१ त जी. जे. सायमन्स या पर्जन्यशास्त्रज्ञानें त्याची हुबेहूब प्रतिकृति छापिली, तेव्हां तें हवामानाच्या इतिहासाचें साधन ठरलें. मधल्या अडीचशें वर्षांत कोणी ‘निरर्थक पानें’ म्हणून तीं फाडलीं नाहींत, एवढीच ग्रंथालयाची कामगिरी. पण ती थोडी नव्हे.

(४) सेल्डन यांचा संग्रह

जॉन सेल्डन हे कायदेपंडित १६५४ त वारले. त्यांचे सुमारे ८,००० ग्रंथ मृत्युपत्रान्वयें व व्यवस्थापकांच्या संमतीनें १६५९ त ऑक्सफर्डास आले. त्यांतील दोन वस्तू प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें अद्वितीय आहेत.

पहिली, मेंडोझा पोथी. १५४१ च्या सुमारास मेक्सिकोंत तेथील चित्रकारांनीं ती काढिली व तींत स्पॅनिश भाषेंत खुलासा लिहिला गेला. तिच्या पहिल्या भागांत ॲझ्टेक राजांची कारकीर्द, दुसऱ्यांत प्रांतांकडून येणारी खंडणी व तिसऱ्यांत लोकांची राहणी आहे. दुसरा भाग म्हणजे चित्ररूप जमाबंदीच: कोणत्या गांवांहून कापसाचें कापड, मका, कोको, पक्ष्यांचीं पिसें, वाघासारख्या प्राण्यांचीं कातडीं किती यावयाचीं, हें तींत दाखविलें आहे. कोणत्या मुलुखांत काय पिकत होतें, याचा पत्ता त्यावरून लागतो. ही पोथी आंद्रे थेवे या फ्रेंच राजाच्या भूवर्णनकाराकडे होती. त्याच्याकडून प्रवासवृत्तांचा संपादक रिचर्ड हॅक्लूट याजकडे, नंतर सॅम्युएल पर्चस याजकडे व पुढें सेल्डनकडे आली. पर्चसनें ती १६२५ त छापिली. हा सर्व हस्तांतरक्रम ठाऊक असल्यामुळेंच तिच्या प्रामाण्याविषयीं वाद कमी होतात.

दुसरी वस्तु चीनचा रंगीत नकाशा. लांबी पांच फुटांहून थोडी अधिक, रुंदी सुमारें तीन फूट. समुद्रावरील सत्तेचा कायदा हा सेल्डनचा विषय. त्यावरील त्याचा ग्रंथ १६३५ त निघाला. सागरी मार्गांचा नकाशा त्यानें बाळगावा यांत नवल नाहीं. मृत्युपत्रांत त्यानें या नकाशाचा व त्यासोबतच्या चिनी होकायंत्राचा स्पष्ट उल्लेख केला. १६८७ त शेन फुत्सुंग हे चिनी गृहस्थ ऑक्सफर्डास आले असतां ग्रंथपाल टॉमस हाइड यांनीं त्यांच्या मदतीनें नकाशावर लॅटिन टिपा लिहिल्या. नंतर तो विस्मृतींत गेला. २००८ त रॉबर्ट बॅचलर या अमेरिकन अभ्यासकानें तो उलगडून पाहिला, तेव्हां फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यापासून जपान, मनिला, मलाक्का, जावा इकडे जाणारे जहाजांचे मार्ग रेषांनीं काढलेले दिसले. पुढें दुरुस्तीसाठीं मागील अस्तर सोडविलें असतां पाठीवरहि आरंभींच्या रेषा आढळल्या. नकाशाच्या पश्चिम कडेस कालिकतचें नांव असून तेथून एडन, झुफार व होर्मुझ येथें कसें जावें, हें लिहिलें आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रव्यापाराचा अभ्यास करणारांस हा उल्लेख उपयोगी पडेल.

(५) गॉफ यांची देणगी व अलीकडील खरेदी

रिचर्ड गॉफ या पुराणवस्तु-संशोधकानें १७७४ त एका मृत संग्राहकाच्या सामानाच्या विक्रींत ग्रेट ब्रिटनचा एक चर्मपत्री नकाशा अडीच शिलिंगांस घेतला. तो सुमारें पावणेचार फूट लांब असून त्यांत सहाशेंहून अधिक स्थळें व पुष्कळ नद्या आहेत. पूर्व दिशा वरच्या बाजूस आहे. पूर्वीं त्याचा काळ १३६० च्या सुमाराचा समजत. अलीकडे शाईचें व रंगांचें परीक्षण होऊन, त्यावर एकाहून अधिक हात फिरले असून पंधराव्या शतकांत त्यांत फेरफार झाले, असें दिसून आलें आहे. १८०९ त गॉफ वारले व त्यांचा स्थलवर्णनाचा सगळा संग्रह मृत्युपत्रानें बोडलियनकडे आला. सुटा नकाशा कोठेंहि राहिला असता. परंतु त्यासोबत परगण्यांचीं वर्णनें, चित्रें व टिपणें आलीं, म्हणून एकाचा ताळा दुसऱ्याशीं पाहतां येतो.

याच्या उलट उदाहरण एका अरबी हस्तलिखिताचें. ‘किताब गराइब अल्-फुनून’ हा ग्रंथ फातिमी सत्तेखालील मिसर देशांत १०२० ते १०५० च्या दरम्यान रचला गेला. कर्त्याचें नांव अज्ञात आहे. आकाश व पृथ्वी असे त्याचे दोन भाग. पृथ्वीखंडांत जगाचा, हिंदी महासागराचा, सिसिली व सायप्रस बेटांचा आणि नाइल, सिंधु इत्यादि नद्यांचा नकाशा आहे. बोडलियनची प्रत मागाहूनची नक्कल असून ती बाजारांत आल्यावर अनेक संस्थांच्या साहाय्यानें २००२ त खरेदी करावी लागली. ती हल्लीं सर्वांस पाहण्यास खुली आहे हें खरें. परंतु वेळेवर जपलेला कागद व बाजारांतून सोडविलेला कागद यांच्या किंमतींत किती अंतर असतें, हें अडीच शिलिंगांच्या नकाशाशेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे कळतें.

(६) निष्कर्ष

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, बाड अखंड ठेवावें. मर्लचीं टिपणें ज्योतिषाच्या आश्रयानेंच जगलीं. दुसरी, कागद कोणाच्या हातून आला हें लिहून ठेवावें. तिसरी, जुन्या संग्रहाची यादी दर पिढीनें नव्या प्रश्नांनिशीं पुनः करावी. सेल्डनच्या नकाशाची नोंद ग्रंथालयांत होती, पण तो उलगडून पाहणारा यावा लागला.

आपल्याकडे दफ्तर हातीं आलें म्हणजे राजकारणाचीं पत्रें प्रथम वेचलीं जातात व जमाखर्च, पीकपाहणी, पंचांगें हीं ‘किरकोळ’ या सदराखालीं गुंडाळून ठेवलीं जातात. वास्तविक सनदेंतील चतुःसीमेंत ओढा, झाड, वाट यांचा निर्देश असतो. सुटीच्या अर्जांत अवर्षणाची व अतिवृष्टीची हकीकत असते. पुराणांच्या भुवनकोशांत नद्यांचीं व पर्वतांचीं नांवें असतात. सर्वच कागद ठेवण्यास जागा व द्रव्य पुरत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. पण टाकण्यापूर्वीं निदान पानवार यादी करणें प्रत्येक संग्राहकाच्या हातचें आहे. वाळवीनें खाल्लेल्या कागदांत पन्नास वर्षांचा पाऊस होता कीं काय, हें यादीवांचून पुढें कोणासहि सांगतां येणार नाहीं.