टोपलीतला पहिला वाटा

हंगामाच्या सणाचा लिलाव एकदा तरी पाहावा. उपासना आटोपते आणि वेदीपुढे मांडलेलं सगळं अंगणात येतं: ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा, एखादं भलंमोठं कोहळं. बोली सुरू होते. बाजारात जे कोहळं कुणी दोनदा वळून पाहणार नाही, त्याचा भाव इथे चढत जातो. ज्याच्या नावावर बोली सुटते तो पैसे भरतो आणि कोहळं पुन्हा अर्पण करतो. त्याच कोहळ्यावर दुसऱ्यांदा बोली लागते. पैसा मंडळीच्या खजिन्यात जातो. देवाने हाती सोपवलेलं राखायचं, वाढवायचं आणि त्याचा हिशेब द्यायचा, ही ख्रिस्ती शिकवण मराठी मंडळ्यांत सर्वांत ठळक दिसते ती या अंगणात.

या रीतीचा उगम फार मागे जातो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात इस्राएली शेतकऱ्याला सांगितलं आहे, की पहिलं पीक टोपलीत घालून याजकाकडे ने आणि त्याच्यासमोर आपली कहाणी सांग: पूर्वज भटके होते, मिसरात गुलाम होते, ही जमीन देवाने दिली. लेवीयच्या 25व्या अध्यायात तर देव स्पष्टच सांगतो, की जमीन माझी, तुम्ही इथे उपरे. म्हणजे शेतकरी मालक नव्हे, कूळ. टोपली हा त्या मालकीचा कबुलीजबाब होता, आणि तो तोंडाने द्यावा लागे. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

युरोपात पुढे या कबुलीची वसुली झाली. 585 साली माकोंच्या धर्मसभेने दशांश सक्तीचा केला, 779 मध्ये शार्लमेनने त्याला राजाज्ञेचं बळ दिलं. इंग्लंडात शेकडो वर्षं खळ्यावरून दहावा हिस्सा उचलला जाई; 1836च्या कायद्याने त्याचे रोख पैसे केले. वसुली म्हटली की कृतज्ञता उरत नाही. 1843 साली कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टो गावचे पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी मात्र लोकांना बोलावलं, ते नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन घ्यायला. मध्ययुगातली एक विसरलेली रीत त्यांनी उचलली होती. आजचा हंगामाचा सण बहुतांशी तिथून फैलावला आणि मिशनऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून आला.

वऱ्हाडात खामगाव-अकोल्याकडे काम उभं केलं ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेने. ए. बी. सिम्पसन यांनी तिचा पाया 1887 साली घातला. खामगाव तेव्हा कापसाची मोठी पेठ होतं. जलंबहून रेल्वेचा फाटा 1870 सालीच आला होता. पण मिशनच्या हाती आलेली पहिली मोठी ठेव कापसाची नव्हती, माणसांची होती. 1899-1900च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळलं. अनाथ मुलं अकोल्यात आणि मुली खामगावात सांभाळल्या गेल्या. त्याच 1900 साली 'ख्रिश्चन हेराल्ड' या अमेरिकन साप्ताहिकाच्या पुढाकाराने मक्याने भरलेलं 'क्विटो' जहाज न्यूयॉर्कहून मुंबईला आलं आणि तो मका मिशनऱ्यांच्या हातून देशभर वाटला गेला. तिकडे ज्याने पैसा दिला त्याला इकडे खाणारा कधी दिसणार नव्हता. मधल्या माणसाने माप खरं धरणं, एवढ्यावरच सगळं उभं होतं.

दशांशापेक्षा हंगामाचा सण इथे लवकर रुजला असावा, आणि त्याचं कारण मला मातीत दिसतं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताची सीतादही वऱ्हाडी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, बलुतेदाराचा वाटा निघाल्यावरच धान्य घरी न्यायचं, हे सर्वांनाच ठाऊक. पीक आपल्या एकट्याचं नाही, ही समज हाडात होती. मंडळीत आल्यावर तिला नवा मालक आणि नवी प्रार्थना मिळाली.

मत्तयाच्या 25व्या अध्यायातला दाखला याच्या पुढे जातो. धनी परगावी जाताना तीन चाकरांकडे तालांतांच्या हिशेबाने पैसा सोपवतो. एक तालांत म्हणजे 6,000 द्राख्मा, मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. तिसरा चाकर आपल्याकडे आलेला पैसा पुरून ठेवतो आणि जसाच्या तसा परत करतो. एका पैचीही अफरातफर नाही, तरी तोच दोषी ठरतो. नुसतं राखलं म्हणजे कारभार झाला असं समजणाऱ्या प्रत्येक पंचाने हा दाखला पुन्हा वाचावा.

आता सोयाबीन शेतातून थेट बाजार समितीत जातं, नोकरदाराचं अर्पण पाकिटातून येतं, कुणी फोनवरून पाठवतं. टोपली हलकी झाली याची मला फारशी खंत नाही. खंत आहे ती मिशनकाळातल्या जमिनींची. महाराष्ट्रात ठिकठिकाणी शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांच्यासाठी मिळालेल्या या जागा आज कोर्टकज्ज्यांत अडकल्या आहेत, काही गुपचूप विकल्या गेल्या. कोहळ्याच्या लिलावाचा हिशेब जसा सगळ्यांदेखत होतो, तसं या जागांचे सातबारे आणि करारही दर वर्षी मंडळीच्या सभेत मोठ्याने वाचले गेले पाहिजेत, आणि प्रश्न विचारायचा हक्क मागच्या बाकावरच्या म्हातारीलाही असला पाहिजे.