वैतागलेला मतदार आणि बुडालेले प्रजासत्ताक



राज्ये बुडतात ती परचक्राने किंवा फितुरीने, अशी आपली एक ठाम समजूत असते. परंतु गेल्या शतकात युरोपातील एक मोठे प्रजासत्ताक असे बुडाले की, त्याच्यावर कोणी स्वारी केली नव्हती आणि त्याची राजधानीही कोणी वेढली नव्हती. जर्मनीचे हे प्रजासत्ताक १९१९ साली उभे राहिले आणि १९३३ साली संपले. त्याच्या अंताला दोन गोष्टी कारण झाल्या. एक, सामान्य नागरिकाचा आपल्या पुढाऱ्यांविषयीचा वैताग आणि दुसरी, त्या वैतागाशी पुढाऱ्यांनी मांडलेला खेळ. या दोहोंचा हिशोब आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

३१ जुलै १९१९ रोजी मंजूर झालेली या प्रजासत्ताकाची घटना कागदावर पाहिली तर तिच्यात उणे काढावे असे थोडेच सापडेल. वीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मताचा अधिकार होता. साठ हजार मतांमागे पक्षाला एक प्रतिनिधी मिळे. त्यामुळे कोणाचेही मत सहसा वाया जात नसे. पण याच व्यवस्थेमुळे लोकसभेत लहानमोठ्या पक्षांची गर्दी झाली. चौदा वर्षांत जवळजवळ वीस मंत्रिमंडळे आली आणि गेली. आपल्याकडे बाराभाईंचा कारभार म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथले भाई वर्षावर्षाला बदलत होते. शिवाय घटनेत ४८ वे कलम होते. आणीबाणीच्या प्रसंगी अध्यक्षाने वटहुकुमाने कारभार करावा, अशी त्यात तरतूद होती. ती अपवाद म्हणून केलेली होती, हे ध्यानात ठेवावे.

आता या व्यवस्थेखाली राहणारा नागरिक पाहू. एखादा निवृत्त शाळामास्तर किंवा पेठेतला लहान दुकानदार डोळ्यांपुढे आणा. पहिल्या महायुद्धात सरकारने कर्जरोखे काढले, तेव्हा देशभक्तीचे कर्तव्य म्हणून त्याने आपली शिल्लक त्यांत घातली. युद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले! जन्मभराच्या बचतीत पावाचा एक लादा येईना. त्याच महिन्यात नवे चलन आले, भाव स्थिरावले. पण बुडालेली पुंजी परत आली नाही. १९२५ च्या कायद्याने गहाणकर्जांची किंमत मुळाच्या चौथ्या हिश्शावर ठरविली गेली, आणि सरकारी रोखेवाल्यांच्या पदरात तर त्याहूनही पुष्कळ कमी पडले. ज्याने सरकारवर विश्वास ठेवला तो बुडाला आणि ज्याने कर्ज काढले तो तरला, हा धडा त्या मास्तराने गिरविला. त्याचा राग अडाणीपणाचा नव्हता. तो रास्त होता.

पुढली चारपाच वर्षे बरी गेली. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला अवघी २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. म्हणजे पुंजी गमावलेला नागरिकसुद्धा लगेच अतिरेकाकडे धावला नव्हता. त्याने पुढाऱ्यांना आणखी एक संधी दिली होती.

तिचे काय झाले? १९२९ च्या अखेरीस अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला, तिकडची कर्जे आटली, जर्मनीत कारखाने बंद पडू लागले. अशा वेळी हेर्मान म्युलर यांचे बहुपक्षीय मंत्रिमंडळ २७ मार्च १९३० रोजी पडले. कारण काय, तर बेकारीच्या विम्याची वर्गणी पाव-अर्धा टक्का वाढवावी की नाही! कामगारांचा पक्ष एका बाजूला आणि कारखानदारांचा दुसऱ्या बाजूला अडून बसला. घराला आग लागली असता बादलीची मालकी कोणाची यावरून भावाभावांनी भांडावे, तसे हे झाले. त्यानंतर हिटलरपूर्वी लोकसभेतील बहुमतावर उभे असलेले मंत्रिमंडळ जर्मनीला पुन्हा लाभले नाही.

पुढचे प्रधानमंत्री ब्र्यूनिंग यांनी ४८ व्या कलमाचा आधार घेतला. पगार कापले, निवृत्तिवेतने कापली, बेकारांचा भत्ता कापला आणि कर वाढविले. लोकसभेने १९३० साली ९८ कायदे केले होते; १९३२ साली केवळ ५ केले. जे अपवाद म्हणून ठेवले होते, तेच नित्याचे झाले. १९३२ च्या आरंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली होती. नागरिकाने मत द्यावे, सभागृह भरावे आणि राज्य मात्र वटहुकुमांनी चालावे! मग या सभागृहाचा मला उपयोग काय, असे त्याने विचारले तर त्याला दोष कसा द्यावा?

परंतु येथून पुढे त्याच्याही पदरी दोष येतो. वैतागलेला माणूस घरी बसतो, असे आपण समजतो. जर्मनीत उलट घडले. सप्टेंबर १९३० मध्ये ८२ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ८४ टक्के मतदान झाले. हिटलरच्या जागा १२ वरून १०७ वर आणि तेथून २३० वर गेल्या. त्या २३० जागांत कम्युनिस्टांच्या ८९ मिळविल्या, म्हणजे ६०८ पैकी ३१९ प्रतिनिधी हे प्रजासत्ताकच नको म्हणणारे होते. बहुमत होते, पण ते मोडण्यापुरते; घडविण्यासाठी दोघांचे एका गोष्टीवरही जमणारे नव्हते.

आणि सारेच मतदार वाहवत गेले काय? नाही. कॅथलिकांच्या पक्षाची मते जवळजवळ जागच्या जागी राहिली. कामगारांच्या दोन पक्षांत आपापसांत उलथापालथ झाली, तरी त्यांची बेरीज फारशी घटली नाही. बेकार कामगार हिटलरपेक्षा कम्युनिस्टांकडेच अधिक वळला. वाताहत झाली ती मध्यमवर्गाच्या उदारमतवादी पक्षांची. १९२८ साली त्या दोन पक्षांना मिळून १३ टक्क्यांवर मते होती. जुलै १९३२ मध्ये जेमतेम २ टक्के उरली. कामगाराला त्याची युनियन होती, कॅथलिकाला त्याचा चर्चसमाज आणि मंडळे होती. राग त्यांनाही आला, पण तो चार माणसांत बोलला गेला आणि त्याला काही वळण मिळाले. आमच्या मास्तराला आणि दुकानदाराला निवडणुकीपुरत्या पक्षापलीकडे राजकारणात असे घर नव्हते. म्हणून जो मोठ्याने ओरडला, तोच त्यांना आपला वाटला.

तरीही अखेरचा घाव मतदाराने घातला नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये हिटलरची सुमारे वीस लाख मते घटली आणि जागा १९६ वर आल्या. ओहोटी लागली होती. नेमक्या याच वेळी फॉन पापेन आदी मुत्सद्द्यांनी पंचाऐंशी वर्षांच्या अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांची समजूत घातली आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर प्रधानमंत्री झाला. मंत्रिमंडळात त्याच्याखेरीज त्याचे दोघेच. मग त्याला मुठीत ठेवू, असा या मंडळींचा हिशोब होता. २३ मार्च रोजी ४४४ विरुद्ध ९४ मतांनी लोकसभेने कायदे करण्याचा आपला अधिकार त्याच्या स्वाधीन केला. कम्युनिस्ट प्रतिनिधींना त्या दिवशी सभागृहात येऊच दिले नव्हते. १४ जुलैला बाकी सर्व पक्ष बेकायदा ठरले. जो नागरिक पुढाऱ्यांना वैतागला होता, त्याला आता पुढारी बदलण्याचीही सोय उरली नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्याची किंमत जर्मनीने दिली आणि साऱ्या जगानेही दिली.

तेव्हा अपराध कोणाचा? पुढाऱ्यांचा पहिला आणि मोठा. पाव टक्क्यासाठी त्यांनी राज्य सोडले आणि रास्त रागाला उत्तर म्हणून वटहुकूम दिले. नागरिकाचा अपराध लहान, पण तोही अपराधच. पुढारी नालायक आहेत असे म्हणणे आणि पुढारी बदलण्याची रीतच नालायक आहे असे म्हणणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ते त्याला दिसले नाही. पहिले वाक्य प्रजासत्ताकाच्या नागरिकाने रोज म्हणावे, तो त्याचा हक्क आहे. दुसरे त्याने एकदाच म्हटले, आणि पहिले म्हणण्याची त्याची सोय बारा वर्षे गेली.