वॉलब्रुकच्या गाळातली उधारी

लंडनच्या बँक स्टेशनातून तुम्ही वॉलब्रुक रस्त्यावर येता तेव्हा दुपारची जेवणाची वेळ झालेली असते. ब्रुक म्हणजे ओढा, पण पाण्याचा इथे मागमूस नाही. समोर १६६६च्या आगीनंतर वास्तुकार रेनने बांधलेलं सेंट स्टीफन चर्च, अलीकडे ब्लूमबर्ग कंपनीची वाळूच्या दगडातली भलीमोठी इमारत, आणि गळ्यात ओळखपत्रं लटकवून घाईघाईने चालणारी माणसं. ओढा तुमच्या पायांखाली आहे, बुजलेला. या इमारतीतल्या एका दारावर रोमनांच्या मिथ्रास देवाच्या देवळाचं नाव लिहिलं आहे. तिकीट नाही. आत या.

देऊळ सात मीटर खाली आहे. सगळे लगबगीने तिकडे निघतात. तुम्ही तसं करू नका. इथे वरच, या जागी सापडलेल्या शेकडो वस्तू मांडलेल्या काचेच्या भिंतीपाशी आधी थांबा. कातडी चपला आहेत, खिळे आहेत, ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणाच्या आकाराचा अंबरचा चिमुकला ताईतही आहे. पण तुम्हाला शोधायची आहे लाकडाची एक पाटी. आपल्या शाळेतल्या पाटीसारखीच. फक्त मधल्या खोलगट भागात काळं मेण भरायचं आणि टोकदार लेखणीने त्यात ओरखडायचं. मेण केव्हाच गेलं. पण लिहिणाऱ्याचा हात जड होता, लेखणी लाकडापर्यंत पोचली. ओढ्याच्या ओल्या गाळात हवा शिरली नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही. २०१० ते २०१४ या काळातल्या उत्खननात अशा चारशेहून अधिक पाट्या निघाल्या.

काचेला नाक लावा. तारीख आहे ८ जानेवारी, इसवी सन ५७.

थंडी हाडांत शिरते आहे. रोमन फौजा या बेटावर उतरून जेमतेम १४ वर्षं झालीत. ओढ्याकाठी लाकडी घरं आणि दुकानं दाटीवाटीने उभी आहेत, वाटेवर चिखल आहे. दोन माणसं एका पाटीवर वाकली आहेत. टिबुलस लिहितो: विकून पोचता केलेल्या मालाचे १०५ दिनार मी ग्रातुसला देणं लागतो. दोघेही पूर्वीचे गुलाम. पाटीवर नावापुढे आपापल्या जुन्या धन्याचं नाव लावूनच ओळख सांगतात. साध्या शिपायाला तेव्हा वर्षाला २२५ दिनार मिळायचे, म्हणजे रक्कम काही किरकोळ नाही. टिबुलसने लेखणी जरा जास्तच दाबली असावी, असं आपलं मला वाटतं.

पलीकडे आणखी एक पत्र आहे. कोणी एक जण ओळखीच्या सावकाराला बजावतो आहे: तू आपल्याला व्याजाने पैसे दिलेस, अशी बढाई ते लोक भर बाजारात मारत फिरतायत, तुझ्याच भल्यासाठी सांगतो, हलकेपणा येईल असं वागू नकोस. हा माणूस आपल्या आळीतलाच वाटतो.

तीन-चार वर्षांत रोमनांविरुद्ध उठलेल्या बुडिका राणीचं सैन्य येईल आणि हे सगळं जाळून टाकेल. जळलेल्या मातीचा लाल थर आजही उत्खननात हाताला लागतो. तरीही २१ ऑक्टोबर ६२ या तारखेची पाटी पाहा. वेरुलॅमियमहून, म्हणजे आजच्या सेंट ऑल्बन्सहून, १३ नोव्हेंबरपर्यंत लंडनला धान्यसामग्रीची वीस ओझी पोचवायची आणि एका ओझ्याला पाव दिनार हमाली, असा करार. राखेवर पुन्हा बाजार भरला आहे.

आता खाली उतरा. जिना संपतो तिथे अंधार आहे.

साल धरा २४० च्या आसपासचं. देऊळ अठरा मीटर लांब, आठ मीटर रुंद, एकही खिडकी नाही. मधली जमीन खोलगट, दोन्ही बाजूंना सात-सात खांब, खांबांमागे बसायचे ओटे, आणि पलीकडच्या टोकाला अर्धवर्तुळाकार गाभारा. मिथ्रासच्या पंथाच्या पायऱ्याही सातच. कावळ्यापासून सुरुवात आणि शेवटी ‘पिता’. स्त्रियांना प्रवेश नाही, तेव्हा तुम्ही बाई असाल तर आजपुरता वेश बदला. दिव्यांच्या वातीचा धूर, ओली भिंत, भाजलेल्या कोंबडीचा वास. इथे पंगती उठत. गाभाऱ्यात देव बैलावर गुडघा रोवून त्याचा गळा चिरतो आहे आणि स्वतः मात्र तोंड फिरवून मागे बघतो आहे.

शेजारी उल्पियुस सिल्वानुस बसला आहे, असं समजू. रोमन फौजेच्या दुसऱ्या ऑगस्टा लेजनमधला निवृत्त शिपाई. त्याने वाहिलेलं बैलवधाचं, भोवती राशिचक्र कोरलेलं शिल्प १८८९ मध्ये याच परिसरात सापडलं. त्यावरच्या दोन शब्दांचं मराठी करायला कोश लागत नाही: नवस फेडला. देवाचं नावही तुम्हाला परकं नाही. इराणी मिथ्र आणि वेदांतला मित्र एकाच कुळातले. सूर्यनमस्कार घालताना पहिलं नाव तुम्ही याच मित्राचं घेता. रोमन मिथ्रासने त्या जुन्या देवाचं नावापलीकडे किती काही घेतलं, यावर पंडितांचा वाद आहे. ओट्यावर बसलेल्या सिल्वानुसला त्याचं सोयरसुतक नाही.

लॅटिन मंत्रांचा घोष टिपेला जातो, आणि दिवे लागतात.

भिंती गुडघ्याएवढ्या आहेत. धुकं यंत्राचं होतं, आवाज ध्वनिमुद्रित होते. शिवाय ही भिंत तिसरा जन्म घेऊन आली आहे. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या या जागी नवी इमारत उठायच्या आधी पुरातत्त्वज्ञ विल्यम ग्राइम्स उत्खनन करत होते. १८ सप्टेंबर १९५४ला, काम थांबवायच्या दिवशी, मिथ्रासचं संगमरवरी मस्तक मातीतून वर आलं. मग सुमारे चार लाख लोक रांगा लावून बघून गेले आणि देवळाचं काय करायचं हा प्रश्न चर्चिलच्या मंत्रिमंडळापुढे गेला. देऊळ वाचलं ते असं: दगड उचलले, आणि १९६२ मध्ये शंभरेक मीटरवर, वाहनतळाच्या छतावर, उघड्या आभाळाखाली सिमेंटने जोडले. अंधारासाठी बांधलेलं देऊळ उन्हात! २०१७ मध्ये ते मूळ जागेजवळ, जुन्या पातळीवर, चुन्यात पुन्हा मांडलं गेलं. फार कसोशीने केलेलं काम आहे ते. तरीही मला विचाराल तर खाली धुक्यात रोमन काळ नुसता भासतो. तो खरोखर भेटतो वरच्या मजल्यावर, टिबुलसच्या जड हातात.

वर या आणि इमारतीच्या मधून जाणाऱ्या गल्लीने बाहेर पडा. जुन्या वॉटलिंग मार्गाची रेषा धरून ती मुद्दाम आखली आहे. वेरुलॅमियमला जायचं ते त्याच मार्गाने. आता दोन्ही बाजूंना उपाहारगृहं आहेत. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला एक पोरगा सायकल हातात धरून, मोबाइलमध्ये बघत पत्ता शोधतो आहे. त्याला वाट द्या.