उपनगरांचा जमाखर्च

मुंबईची कुटुंबे किती कमावतात आणि कशावर खर्च करतात, याची पद्धतशीर मोजणी गिरणगावात सुरू झाली. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस उघडले. मे १९२१ ते एप्रिल १९२२ या वर्षात त्याच्या पाहणीदारांनी कामगारांच्या खोल्यांत जाऊन महिन्याचा हिशेब टिपून घेतला. फिंडले शिरास यांचा हा अहवाल १९२३ मध्ये निघाला. धान्य, डाळी, जळण आणि दिवाबत्ती, कपडालत्ता, खोलीभाडे असे रकाने त्यात होतेच. शिवाय सावकाराचे व्याज आणि गावी पाठवलेले पैसेही मोजले होते. कामगाराचे अर्धे घर कोकणात किंवा घाटावर आहे, ही गोष्ट सरकारी कागदावर आकड्यांनिशी आली ती अशी.

दुसरी मोठी पाहणी १९३२-३३ मध्ये झाली आणि जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष पायाभूत धरून मुंबईच्या कामगारांचा राहणीखर्चाचा निर्देशांक तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात भाव कडाडले तेव्हा गिरणी कामगारांचा महागाई भत्ता याच निर्देशांकाला जोडला गेला. अभ्यासासाठी गोळा केलेला आकडा आता पगाराच्या पाकिटात उतरू लागला. साहजिकच तो मुंबईत कमालीचा महत्त्वाचा ठरला आणि कामगार संघटनाही त्यावर डोळा ठेवून राहिल्या. कोणत्या वस्तूला किती भार द्यायचा हा प्रश्न निव्वळ संख्याशास्त्राचा राहिला नाही.

विद्यापीठातला अभ्यास लेबर ऑफिसच्याच सुमारास सुरू झाला. मुंबई विद्यापीठाने १९१९ साली अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग काढला. समाजशास्त्राची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होती. अर्थशास्त्रात चंदुलाल वकील यांनी १९२१ पासून तीन दशकांहून अधिक काळ विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. चलन, किमती, सार्वजनिक वित्त हे त्यांचे विषय. पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे एका शहराची घरोघर आर्थिक पाहणी करून दाखवली, आणि तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्याच ताकदीची मुंबईची पाहणी यायला आणखी काही वर्षे जावी लागली. डी. टी. लकडावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शहरातील काम, वेतन आणि राहणीमान यांवरचे पुस्तक १९६३ साली निघाले. त्याआधी १९६० मध्ये लकडावाला आणि जे. सी. सांडेसरा यांनी मुंबईच्या लघुउद्योगांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे गरिबीच्या मोजणीसाठी नेमलेल्या आणि १९९३ मध्ये अहवाल देणाऱ्या तज्ज्ञगटाचे अध्यक्षही लकडावालाच होते.

या सगळ्या काळात शहराचा तोल मात्र हळूहळू उत्तरेकडे झुकत होता. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९२० सालीच झाला होता. महापालिकेची हद्द १९५० मध्ये पश्चिमेला अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. बोरिवली शहरात आली ती तेव्हा. जनगणनेचे आकडे हा बदल नेमका दाखवतात. १९५१ मध्ये मूळ शहरात २३ लाख माणसे होती आणि उपनगरांत जेमतेम साडेसहा लाख. १९७१ मध्ये दोन्हीकडे तीस लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बरोबरी. १९८१ मध्ये शहर ३३ लाखांवर अडले आणि उपनगरे ५० लाखांना टेकली. २०११ च्या गणनेत उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक लोक होते, आणि शहर जिल्हा आधीच्या दहा वर्षांत चक्क घटून ३१ लाखांच्या खाली आला होता.

माणसांबरोबर कारखानेही आले, काही तर आधीच आले होते. विक्रोळीत गोदरेज, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कांदिवलीला महिंद्र, शिवाय आग्रा रोड म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत औषधे, रसायने आणि इंजिनिअरिंगचे कारखाने. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची मरोळची वसाहत अंधेरी पूर्वेला उभी राहिली. तिला लागूनच १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र. इथला कामगार गिरणी कामगारापेक्षा वेगळा होता. त्याचा पगार कारखान्यागणिक होणाऱ्या करारावर ठरे. दत्ता सामंत हे घाटकोपरचे डॉक्टर; खाणकामगारांपासून सुरुवात करून ते या कारखान्यांत पसरले आणि मग १९८२ साली गिरणी संपाचे नेते झाले, हा प्रवास उपनगरांकडून गिरणगावाकडे झाला हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

संशोधकांनी या नव्या मुंबईकडे पाहिले ते प्रामुख्याने श्रमबाजाराच्या बाजूने. के. सी. झकारिया यांचा बृहन्मुंबईतल्या स्थलांतरितांवरचा ग्रंथ १९६८ चा. हेदर आणि विजय जोशी यांनी १९७६ मध्ये शहरातल्या अतिरिक्त श्रमशक्तीवर पुस्तक लिहिले. विद्यापीठातले ललित देशपांडे यांनी मुंबईचा श्रमबाजार एकसंध नसून त्याचे कप्पे पडले आहेत हे दाखवले: कारखान्यातला कायम कामगार, लहान आस्थापनेतला नोकर आणि रोजंदारीवरचा माणूस. एकाच शहरात, बऱ्याचदा एकाच रस्त्यावर काम करूनही या तिघांच्या मिळकतीत आणि सुरक्षिततेत मोठी दरी होती.

गंमत अशी की अभ्यास करणाऱ्या संस्थांची स्वतःची बिऱ्हाडे एव्हाना उपनगरांतच होती. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये देवनारला गेली. झकारिया ज्या लोकसंख्या संशोधन केंद्रात काम करत ते १९५६ साली चेंबूरला सुरू झाले आणि पुढे देवनारला आले. पवईला आधी आयआयटी आणि १९६३ मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीची नीटी उभी राहिली. विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग कालिन्याच्या विद्यानगरीत हलला. रिझर्व्ह बँकेने १९८७ साली गोरेगावच्या टेकडीवर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था स्थापन केली. किरीट पारीख तिचे पहिले संचालक. जागा स्वस्त आणि मोकळी होती म्हणून संस्था तिकडे गेल्या. त्यांचे विषय राष्ट्रीय राहिले. ऊर्जा, शेती, चलनविषयक धोरण यांवर गोरेगावात भरपूर काम झाले, पण खुद्द गोरेगावच्या बाजारपेठेवर त्या मानाने थोडेच.

उपनगरातल्या गिऱ्हाइकाला ओळखण्याचे काम दुसऱ्यांनीच केले. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि घरातल्या खाणाऱ्या तोंडांची नोंद शिधापत्रिकेवर झाली. १९४८ साली नायगावला कामगारांच्या सहकारातून अपना बाजार निघाला आणि पुढे अंधेरीसारख्या उपनगरांत त्याची मोठी भांडारे झाली. १९७२ च्या टंचाईत महागाईविरोधी संयुक्त महिला समितीने लाटणी हातात घेऊन मोर्चे काढले. तिच्या नेत्या मृणाल गोरे गोरेगावच्या, तिथल्या पाण्याच्या प्रश्नावर लढून पुढे आलेल्या. तेलाचा आणि रॉकेलचा भाव हा घरगुती विषय त्यांनी रस्त्यावर आणला.

१९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात मांडलेल्या ग्राहक चळवळीच्या कल्पनेचे हे मुंबईतले रूप, आणि त्याचे ग्राहक भवन विलेपार्ल्याला आहे. पंचायतीची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक ग्राहक संघ होतो. प्रत्येक घर महिन्याचे वाणसामान आगाऊ यादीवर लिहून देते: तांदूळ अमुक किलो, तूरडाळ तमुक, साबण, पोहे, गूळ. सगळ्या संघांच्या याद्यांची बेरीज होते, तेवढाच माल घाऊक खरेदी केला जातो आणि ठरलेल्या दिवशी एका सभासदाच्या घरी उतरतो. वाटपाला सभासदच बसतात. पगारी विक्रेता नाही, दुकानाचे भाडे नाही, काच नाही, जाहिरात नाही. शिल्लक मालाचा प्रश्नही फारसा येत नाही, कारण मागणी आधी कळते. हजारो मध्यमवर्गीय घरे महिन्याला काय खातात याचा असा सलग लेखी माग अभ्यासकाला क्वचितच मिळतो. गिरगाव-दादर सोडून पार्ले, बोरिवली, मुलुंडला ओनरशिपचे फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबांना ही रचना सोयीची होती, यात नवल नाही: सोसायटी होती, शेजार होता आणि हप्त्यांमुळे हात आखडता होता.

१९९१ च्या उदारीकरणानंतर गिऱ्हाइकाची ही जाण बाजाराकडे गेली. त्याच वर्षी अंधेरीत शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान उघडले. सुरुवातीला तिथे पुरुषांचेच कपडे मिळत. २००२ मध्ये पवईत डी-मार्ट निघाले. त्याचे प्रवर्तक राधाकिशन दमाणी यांनी त्याआधी नेरूळला अपना बाजारची शाखा चालवायला घेतली होती, म्हणजे सहकारी भांडाराचा धडा थेट खासगी दुकानदारीत पोहोचला. कमी भाव, कमी सजावट आणि रोज लागणाऱ्या वस्तू हे सूत्र दोन्हीकडे सारखेच. फरक नफा कुठे जातो याचा. मालाडला इनऑर्बिट, शास्त्री मार्गावर मुलुंडचे निर्मल लाइफस्टाइल आणि २००९ मध्ये घाटकोपरचे आर सिटी असे मॉल आले. ज्या रस्त्याने कारखान्यांचे भोंगे ऐकले तो आता शनिवार-रविवारच्या खरेदीचा झाला. गिऱ्हाईक किती वेळ थांबते, कशाला हात लावते, काय घेऊन जाते, याची माहिती आता या कंपन्यांच्या संगणकात साठते आणि तिथेच राहते. लेबर ऑफिसचा अहवाल कोणालाही विकत घेता येत होता; ही माहिती अभ्यासकाला मागूनही मिळत नाही.

प्रादेशिक वाढीच्या आकड्यांत उपनगर सर्वांत उशिरा आले, आणि तेही अर्धवट. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय वांद्र्याला आहे. ते जिल्हानिहाय उत्पन्नाचे अंदाज काढते, पण मुंबईचे दोन जिल्हे त्यात वर्षानुवर्षे एकत्रच दाखवले गेले. यामागचे कारण तांत्रिक आहे. उत्पन्न जिथे निर्माण होते तिथे मोजले जाते, खर्च मात्र माणूस राहतो तिथे होतो. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्याचे काम शहर जिल्ह्याच्या खात्यात पडते आणि त्याचा किराणा, शाळेची फी, घराचा हप्ता उपनगराच्या. फोर्टमधल्या बँकांची कार्यालये वांद्रे-कुर्ला संकुलात आणि कंपन्या अंधेरीत येऊ लागल्यावर हे गणित उलटसुलट झाले. हिंदुस्थान युनिलिव्हरचे मुख्यालयही चर्चगेट सोडून चकाल्याला आले. २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो धावू लागली आणि पूर्व उपनगरातून पश्चिम उपनगरात कामाला जाणे, जे आधी बसच्या गर्दीत तासभर खाई, ते सुसह्य झाले. दोन्ही जिल्ह्यांचे आकडे वेगळे दिले तरी या ये-जा करणाऱ्यांचा हिशेब लागल्याखेरीज उपनगराचे दरडोई उत्पन्न नीट कळणार नाही, आणि तो हिशेब घरोघरच्या पाहणीतूनच लागू शकतो.