नाव नसलेले गाणे

आखाजी आली की यावल, फैजपूरकडे सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. श्रावणात कानबाई बसते, तिचीही गाणी होतात. ही गाणी रचली कोणी? विचारून पाहा. “आमची आजी म्हणायची,” एवढेच उत्तर मिळेल. आजीला विचारले असते, तर तिनेही आपल्या आजीकडे बोट दाखविले असते.

आपल्या संतांच्या अभंगात शेवटी रचणाऱ्याचे नाव येते. जात्यावरच्या ओवीत नावे येतात ती भावाची, बापाची, लेकाची, नाही तर विठोबाची. ओवी रचणारीचे नाव सहसा येत नाही. पहाटे दळताना ओवी सुचली, शेजारणीने ती उचलली आणि तिच्यात आपल्या भावाचे नाव घातले. ओवी पुढे चालली. कोणा एकीची नव्हती, म्हणूनच ती सगळ्यांची झाली.

आता आपल्या बहिणाबाई चौधरींचीच गोष्ट घ्या. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या आणि तिशीतच त्यांना वैधव्य आले. लिहिणे-वाचणे येत नव्हते. शेत, चूल, जाते, पाऊसपाणी यांवर त्या आपल्या लेवा बोलीत गाणी म्हणत, हात कामात आणि गाणे ओठांवर. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होते. आई मात्र घरापलीकडे कवयित्री म्हणून ठाऊक नव्हती. सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी काही गाणी कागदावर टिपून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांच्या हाती पडले आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली. जिला अक्षरओळख नव्हती, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले.

पण श्रोतेहो, एक हिशेब करा. जेवढी गाणी टिपली गेली, तेवढीच आज आपल्याजवळ आहेत. बाकीची वाऱ्यावर गेली.

आता जरा दूर जाऊ. अमेरिकेत डेट्रॉइट हे मोटारी बनविणारे शहर. तिथल्या काळ्या तरुणांनी १९८० नंतरच्या काळात विजेवर चालणारी वाद्ये आणि ताल देणारी यंत्रे घेऊन ‘टेक्नो’ नावाचे संगीत घडविले. त्यांतल्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या मंडळीने ठरविले की आपला चेहरा विकावयाचा नाही. छायाचित्र काढावयाचे तर तोंड झाकून. मोठ्या कंपन्यांच्या दारी न जाता आपल्या तबकड्या त्यांनी आपणच काढल्या. माणूस पाहू नका, गाणे ऐका, असा त्यांचा बाणा होता.

वरवर पाहता जात्यावरची बाई आणि हे तरुण सारखेच दिसतात. दोघांनाही नावाची हाव नाही. पण फरक फार मोठा आहे. त्या तरुणांनी नाव लपविले, तरी त्यांचा आवाज तबकडीवर राहिला. नाव झाकणे ही त्यांची निवड होती. आपल्या बाईला कोणी विचारलेच नाही. तिचे नावही गेले आणि गाणेही गेले. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवीला जागाच उरली नाही.

म्हणून प्रसिद्धी न मागणे हा गाणाऱ्याचा मोठेपणा आहे, पण नोंद न ठेवणे हा ऐकणाऱ्याचा आळस आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

हे काम शिक्षकाचे आहे असे मी म्हणतो, ते उगीच नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविणाऱ्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ ग्रंथात छापल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर गावाचे नि गाणारीचे नावही टिपले.

आज खिशातल्या फोनमध्ये आवाज उतरवून घेता येतो. गुरुजी, बाई, आपल्या वर्गातल्या मुलांना आजीकडे पाठवा. गाणे जसेच्या तसे, तिच्याच बोलीत उतरवून घ्या. शुद्ध करू नका. शेवटी तिला विचारा, “आजी, तुझे नाव लिहू का?” ती हो म्हणाली तर लिहा. “माझं कशाला?” म्हणाली, तर तिचा मान राखा. पण न विचारताच खाली ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळे होऊ नका. नाव ठेवावे की झाकावे, हे तिने ठरवावयाचे आहे. गाणे सांभाळणे मात्र आपल्याकडे लागले.