उपकरणाची झोप आणि मोजणीचा हिशेब

लॅपटॉपचं झाकण मिटलं की आख्खं यंत्र झोपतं, हे आपल्या सवयीचं आहे. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं एपीएम आणलं, १९९६ मध्ये तोशिबाला सोबत घेऊन एसीपीआय. पण ही झोप सगळ्यांची एकदम असते. कर्नल आधी सगळे प्रोग्रॅम गोठवतो, मग एकेका ड्रायव्हरला ‘झोप’ म्हणून सांगतो. त्या वेळी काम मागायला कुणी जागंच नसतं.

आज बोलायचंय ते दुसऱ्या झोपेबद्दल. यंत्र चालू आहे, तुम्ही टाइप करताय, कॅमेरा मात्र रिकामा बसलाय. तर फक्त कॅमेरा झोपवायचा. हे रनटाइम पॉवर मॅनेजमेंट. अवघड कुठे आहे? ड्रायव्हरनं घड्याळ-सिग्नल बंद केला आणि नेमकं तेव्हाच कुणी रजिस्टर वाचायला गेलं, तर मोबाइलच्या कित्येक चिपांवर अख्खी सिस्टीम अडकून पडते.

लिनक्समध्ये यूएसबीवर हा प्रयोग आधी झाला. काही उपकरणं झोपली की धड उठायचीच नाहीत. म्हणून हब सोडून बाकीच्यांची आपोआप झोप मुळातच बंद ठेवावी लागली. मग डिसेंबर २००९ मध्ये, २.६.३२ या आवृत्तीत, राफाएल विसॉकी यांची सर्व बसेससाठीची सामाईक चौकट आली.

तिच्या मुळाशी आहे एक साधा आकडा. उपकरण हवं असेल तेव्हा ‘गेट’: आकडा एकानं वाढतो, उपकरण उठतं. काम झालं की ‘पुट’: आकडा कमी होतो. शून्यावर आला की झोपायला मोकळीक. शिवाय मूल जागं असेपर्यंत पालक झोपत नाही, म्हणजे उपकरण चालू असताना त्याचा कंट्रोलर बंद पडत नाही. (घरी उलटं असतं, ते सोडा!)

आता खरी गोष्ट. ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ हे फंक्शन उपकरण उठवायचा प्रयत्न करतं. प्रयत्न फसला तर ते चूक कळवतं, पण वाढवलेला आकडा तसाच ठेवतं. यात तर्क होता: बरेच ड्रायव्हर उत्तर न तपासता शेवटी ‘पुट’ करतातच, त्यांचा हिशेब जुळला पाहिजे. पण सी भाषेत वाढलेला माणूस काय करतो? चूक आली की तिथूनच परत फिरतो. ‘पुट’ राहून जातं. आकडा पुन्हा कधीच शून्य होत नाही आणि उपकरण पुन्हा कधीच झोपत नाही. काही कोसळत नाही, लॉगमध्ये ओरड नाही. बॅटरी तेवढी लवकर उतरते. असली चूक सापडणार कशी?

डझनावारी ड्रायव्हरांत ही गळती निघाली. जुनं फंक्शन बदलणं शक्य नव्हतं. ज्यांनी हिशेब नीट ठेवला होता, त्यांचाच बिघडला असता. म्हणून २०२० च्या अखेरीस, ५.१० मध्ये, ‘रिझ्यूम अँड गेट’ आलं: उठवणं फसलं तर आकडा स्वतःच मागे घेणारं. माझ्या मते अकरा वर्षं हा उशीरच म्हणायचा. जुनं नाव मात्र अजूनही कर्नलमध्ये आहे, आणि नवा ड्रायव्हर लिहिणारा जुन्यावरून नक्कल करतो तेव्हा तेच उचलतो.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमधली ‘रनटाइम स्टेटस’ फाइल उघडून बघा. रिकामं बसलेलं उपकरण तिथे तासन्‌तास ‘ॲक्टिव्ह’ दिसलं, तर आधी ‘कंट्रोल’ फाइल बघा. तिथे ‘ऑन’ असेल तर झोपेला मनाईच आहे. ‘ऑटो’ असेल तर मग ड्रायव्हरचे ‘गेट’ आणि ‘पुट’ मोजायला बसा.