जुन्या सांडपाणी केंद्राची कमी पैशात सुधारणा: आधी हवा बघा

आमच्या जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते, म्हणजे वरच्या गावांनी सोडलेलं सगळं शेवटी आमच्या खाडीत. इथली कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले जंतूही त्यांच्यात साठतात, आणि ती कालवं आम्ही खातो. म्हणून लहान शहरांच्या एसटीपीचा विषय मला लांबचा वाटत नाही.

आधी आकार. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं तर त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. ५० हजार वस्तीचे झाले ५४ लाख लिटर, म्हणजे ५.४ एमएलडी. आता मर्यादा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत लहान शहरांना लिटरमागे ३० मिलीग्रॅम बीओडी चालत होता. हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तो १० वर आणायला सांगितला. असं झालं की पहिला प्रस्ताव येतो नव्या टाक्यांचा. माझं मत: सिमेंट नंतर, आधी हवा तपासा.

घाण खाणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन देतो ब्लोअर, आणि नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रात निम्मी किंवा त्याहून जास्त वीज इथेच जाते. तळाच्या डिफ्युझरचे रबरी पडदे काही वर्षांत बुजतात, फाटतात. मग टाकीच्या एका कोपऱ्यात पाणी उकळल्यासारखं दिसतं आणि बाकी निपचित. मोठे बुडबुडे वर पळून जातात, ऑक्सिजन नीट विरघळतच नाही. पडदे बदलणं आणि डीओ मीटर लावून ब्लोअरचा वेग त्यावर बांधणं हे नव्या टाकीपेक्षा कितीतरी स्वस्त. विरघळलेला ऑक्सिजन २ मिलीग्रॅमच्या आसपास राहिला तरी बहुतेक वेळा पुरतो. वरची हवा म्हणजे नुसतं वीजबिल.

खरा खर्च अमोनियाचा. १ किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो. पण ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवला (मिक्सर चालूच हवा, नाहीतर गाळ बसतो) की जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. वीज वाचली ती वेगळीच.

एवढ्यानेही भागलं नाही तर जुन्या टाकीत प्लास्टिकच्या जाळीदार चकत्या सोडता येतात. त्यांवर जिवाणूंचा थर वाढतो. दुसरी वाट म्हणजे एकाच टाकीत भरणं, हवा देणं, निवळणं आणि वरचं पाणी काढणं. पणजीला टोंक इथलं १२.५ एमएलडीचं केंद्र २००५ पासून याच पद्धतीचं आहे.

कोकणात मात्र पावसाळ्याचा हिशोब आधी करा. फुटक्या चेंबरमधून पावसाचं पाणी आत शिरलं की प्रवाह फुगतो आणि पोसलेले जिवाणू वाहून जातात. चेंबरची झाकणं आणि सांधे दुरुस्त करणं हीसुद्धा केंद्राचीच सुधारणा.

आणि आमच्यासारख्या सेप्टिक टँकच्या गावांतून येणारा मैल्याचा टँकर? तो मैला सांडपाण्यापेक्षा कितीतरी दाट असतो. एकदम ओतला तर केंद्र कोलमडतं. छोट्या साठवण टाकीत ठेवून, रात्री प्रवाह कमी असताना थोडा थोडा सोडायचा.